गंजलेलें मळसूत्र

खिळा ठोकला कीं ठोकला. रिव्हेट बसविली कीं ती तोडल्यावांचून निघत नाहीं. मळसूत्राचा विशेष असा कीं, तें घट्ट बसतें आणि इच्छा होईल तेव्हां सुटतेंहि. मोटारीसारखें यंत्र पुनःपुन्हां उघडतां येतें तें याच गुणाच्या बळावर, आणि गंज चढला म्हणजे नेमका हाच गुण नाहींसा होतो.

हेन्री मॉडस्ले यानें 1800 च्या सुमारास लंडन येथें मळसूत्रें कापणारा अचूक लेथ सिद्ध केला. तथापि प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका बोल्टाचा नट दुसऱ्यास बसेलच अशी शाश्वती नसे. मॉडस्लेच्याच हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें ठिकठिकाणचे बोल्ट जमवून, त्यांचें सरासरी मान काढून 1841 सालीं नियम सुचविला : आट्याचा कोन 55 अंशांचा, आणि प्रत्येक जाडीस दर इंचीं आट्यांची संख्या ठरलेली. पुढें 1864 सालीं फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनें 60 अंशांचें दुसरें मान मांडलें. अवघा पांच अंशांचा फरक, पण त्यानें दोन खंडांतील कारागिरांस केवढा मनस्ताप दिला! व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टाच्या जाडीचा आंकडा, तर अमेरिकन पान्यावर नटाच्या रुंदीचा. जवळपासचा पाना लावला कीं नटाचे कोपरे झिजून जात. दुसऱ्या महायुद्धांत ही अडचण असह्य झाली, तेव्हां 1948 च्या नोव्हेंबरांत ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं 60 अंशांचें समान मान स्वीकारलें.

मोटार घरीं दुरुस्त करण्याची चाल रूढ झाली ती विशेषतः फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मुळें. 1908 ते 1927 या काळांत अशा दीड कोटींवर गाड्या तयार झाल्या. मालकांसाठीं कंपनीनें प्रश्नोत्तररूप पुस्तिकाहि काढली होती. शहरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यास स्वतःच्या हाताखेरीज दुसरा आधार नव्हता. बोल्ट मोडला म्हणजे काम तर अडेच, पण बाजारची वाटहि बंद होई.

लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. ज्या लोखंडापासून तो झाला, त्याच्याहून तो अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांच्या फटींत तो पाचरीसारखा ठासून बसतो. मिठानें ही क्रिया वेग घेते. कोंकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेंत हें नित्य दिसतें. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानानें 1938 सालीं रस्त्यावरील बर्फ वितळविण्यास मिठाचा प्रयोग आरंभिला. पुढें ती रीत सर्वत्र पसरली आणि मोटारींच्या तळाशीं असलेल्या बोल्टांचें आयुष्य खुंटलें.

नवशिका येथें बळ वापरतो. पान्यास लांब नळी जोडतो, आणि बोल्ट मोडून हातांत येतो. जाणता कारागीर आधीं तारेच्या ब्रशानें आटे साफ करतो, पातळ तेल सोडतो व रात्रभर थांबतो. मग हातोडीचे हलके ठोके, आणि सोडविण्यापूर्वीं किंचित् आवळणें, कारण उलटसुलट हालचालीनें गंजाची पकड तुटते. ‘डब्ल्यूडी-40’ हें प्रसिद्ध तेल 1953 सालीं सान दिएगो येथें ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरील पाणी हांकलण्यासाठीं निघालें. त्याचा जन्म गंज होऊं नये म्हणून झाला होता. चढलेला गंज सोडविण्यास त्याहून भेदक तेलें अधिक उपयोगी पडतात.

तेलानें भागलें नाहीं तर अग्नि. फ्रान्समध्यें 1903 सालीं फूशे व पिकार यांनीं ऑक्सिजन-ॲसिटिलीनची मशाल बनविली. तिनें तापवावयाचा तो नट, बोल्ट नव्हे. बारा मिलिमीटर छिद्राचा पोलादी नट 300 अंशांनीं तापला तर छिद्र सुमारें चार शतांश मिलिमीटर फुगतें. दिसण्यांत हें क्षुल्लक, पण गंजाचा थर फुटण्यास पुष्कळदां पुरेसें होतें. पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा ब्रेकच्या रबरी नळीशेजारीं मात्र मशाल पेटवूं नये. तेथें छिन्नीनें नट फोडणें बरें, कारण नट थोडक्या पैशांत मिळतो. बोल्ट आंतच मोडला असेल तर मध्यभागीं बरोबर खूण ठोकून डाव्या आट्याच्या गिरमिटानें भोंक पाडतात. कित्येकदां गिरमिटाच्या फिरण्यानेंच तुकडा बाहेर येतो. ब्रेकचा अथवा चाकाचा बोल्ट अशा रीतीनें तापवून काढला असेल, तर तो कितीहि सुबक दिसला तरी परत बसवीत नाहींत. तापविल्यानें त्याच्या पोलादाचें पाणी उतरलेलें असतें.