भरतीविना समुद्र : प्रवाळ-मत्स्यालयातील पाणीपालटाचा इतिहास

काचेच्या बंद टाकीत प्रवाळ जगवायचे असतील, तर टाकीतील खाऱ्या पाण्याचा काही भाग ठरावीक काळाने काढून त्याजागी ताजे खारे पाणी भरावे लागते. या क्रियेला येथे पाणीपालट म्हटले आहे. मोठ्या टाक्यांमध्ये हे काम आज पंप, पाण्याची पातळी ओळखणारे फ्लोट स्विच आणि वेळापत्रकानुसार चालणारे विद्युत नियंत्रक यांच्याकडे सोपवले जाते, आणि ही सोय अलीकडच्या हौशी मंडळींनी शोधून काढली असावी असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाणी आपोआप बदलते ठेवण्याची कल्पना काचेच्या टाकीपेक्षा पुष्कळ जुनी असून मत्स्यालयाच्या इतिहासातील एका मोठ्या टप्प्यात ती जाणीवपूर्वक बाजूला सारली गेली होती. त्या काळात पाणी न बदलणे हीच कौशल्याची खूण मानली जात होती.

रोमन साम्राज्यातील धनिक समुद्रकिनाऱ्यावर मासे पाळण्याचे हौद बांधत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील शेतीविषयक लेखक कोलुमेला याने अशा हौदांची रचना सांगताना त्यांत समुद्राचे पाणी सतत आत-बाहेर खेळते राहील अशा वाटा ठेवण्यावर भर दिला आहे. त्याच्या आधीच्या शतकातील वारो या लेखकाने तर लुकुलुस या सरदाराने नेपल्सजवळ डोंगर फोडून समुद्राचे पाणी आपल्या हौदांत खेळवल्याची नोंद केली आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीतील फरक अगदी थोडा असतो, तरीही या हौदांचे पाणी बदलण्याचा मुख्य भार त्याच शक्तीवर टाकलेला होता. स्वयंचलित पाणीपालटाचा हा सर्वांत जुना प्रकार म्हणता येईल, मात्र त्यासाठी हौद समुद्राला लागून असणे अपरिहार्य होते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर काय करायचे हा प्रश्न खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये उभा राहिला.

१८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही दगडी प्रवाळ, म्हणजे चुन्याचा सांगाडा तयार करणारे प्रवाळ, लंडनला आणले. प्रवासात ते हिंदकळून आपटू नयेत म्हणून ते स्पंजाला शिवून टाकले होते. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीचे धर्माधिकारी असल्याने हे प्रवाळ लंडनच्या अगदी मध्यवस्तीत राहू लागले. प्रारंभी किनाऱ्यावरून मागवलेले समुद्राचे पाणी एक दिवसाआड बदलले जात असे. पुढे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात वारंवार ओतून त्यात हवा मिसळण्याची पद्धत घातली गेली, आणि हे काम घरातील मोलकरणीकडे होते. १८४७ मध्ये जिवंत समुद्रशेवाळ असलेले खडकाचे तुकडे टाकीत आल्यावर हे कष्ट कमी झाले. शोधाचे श्रेय देताना इतिहासकार बहुधा शेवाळाविषयी लिहितात. अर्धा-पाऊण तास पाणी ओतत बसणाऱ्या त्या मोलकरणीचे नाव कोणी नोंदवलेले दिसत नाही. समुद्री मत्स्यालयाच्या आरंभीच्या या प्रयोगातील मुख्य प्राणी मासा नसून प्रवाळ होता, ही गोष्टही सहसा विसरली जाते.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये प्राणी व वनस्पती यांच्या परस्परसंतुलनाचा सिद्धांत मांडला. प्राणी कार्बन डायऑक्साइड सोडतात व वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतात. म्हणून दोहोंचे प्रमाण नीट जुळले, तर पाणी बदलण्याची गरज उरत नाही, असा त्याचा आशय होता. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाच्या पुस्तकाने घरोघरी मत्स्यालयाची लाट आली, तेव्हा या सिद्धांताला जवळजवळ श्रद्धेचे रूप आले. वर्षानुवर्षे तेच पाणी वापरणारा पालक निष्णात आणि ते वारंवार ओतून देणारा अनाडी ठरू लागला. या मतामागे शास्त्राइतकाच खर्चाचाही हिशेब होता, कारण लंडनमध्ये समुद्राचे पाणी विकत घ्यावे लागे.

संतुलनाचा हा सिद्धांत मोठ्या टाक्यांना पुरत नाही, हे ओळखून त्याला यंत्राची जोड देण्याचे काम विल्यम आल्फर्ड लॉइड याने केले. हॅम्बुर्ग येथील १८६४ चे मत्स्यालय आणि लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमधील १८७१ चे मत्स्यालय ही त्याची प्रमुख कामे होत. त्याच्या रचनेत प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्या कित्येक पट पाणी मावेल असा अंधारा, थंड हौद असे आणि वाफेच्या यंत्रावर चालणारे पंप त्या हौदातील पाणी अखंड वर चढवीत व ते टाक्यांतून वाहत पुन्हा खाली येई. पाणी बदलायचे नाही, ते केवळ हलते ठेवायचे, असे हे तत्त्व होते. नेपल्समध्ये आंतोन डोर्न याने स्थापन केलेल्या आणि १८७४ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या मत्स्यालयाच्या आखणीतही लॉइडचा सल्ला घेतला गेला. हलते पाणी स्वच्छ का राहते याचे पूर्ण उत्तर मात्र लॉइडच्या हयातीत मिळाले नाही. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की याने नत्रीकरण करणारे जीवाणू वेगळे काढून दाखवले, तेव्हा प्राण्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे हे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे स्पष्ट झाले. हेच नायट्रेट बंद टाकीत हळूहळू साचत जाते, आणि जुन्या पाण्याच्या अभिमानाला शास्त्राने दिलेला पहिला शह हाच म्हणावा लागेल.

पाणी बदलायचे तर ते आणायचे कोठून, याचेही एक उत्तर गॉसने १८५४ मध्येच देऊन ठेवले होते. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण पायाशी धरून त्याने साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चारच क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल तयार केले. चुना त्याने मुद्दामच वगळला, कारण टाकीच्या तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून तो पुरेसा मिळेल असा त्याचा अंदाज होता. प्रवाळांच्या दृष्टीने या पाककृतीतील नेमका मर्माचा घटक गळालेला होता. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत जगभरातून गोळा केलेले ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार याने १८८४ मध्ये हे पक्के केले की खुल्या समुद्राचा खारटपणा कमी-अधिक असला, तरी त्यातील प्रमुख क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सर्वत्र जवळपास सारखेच असते. पिशवीबंद समुद्री मिठाचा आजचा सगळा धंदा याच निष्कर्षावर उभा आहे. तरीही मोठ्या संस्थांना दीर्घकाळ खऱ्या समुद्राचाच भरवसा वाटे. १९३० मध्ये शिकागो येथे शेड मत्स्यालय उभे राहिले, तेव्हा फ्लोरिडातील की वेस्ट येथून सुमारे दहा लाख गॅलन, म्हणजे ३८ लाख लिटरच्या आसपास, पाणी रेल्वेच्या २० टँकर-डब्यांतून आठ फेऱ्यांत आणले गेले. होनोलुलूचे १९०४ चे वायकीकी मत्स्यालय किंवा मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय यांना समुद्र दाराशी असल्याने हा खटाटोप नव्हता; अर्थात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात गाळाने गढूळ आणि गोड्या पाण्याने सौम्य झालेला समुद्र प्रवाळांच्या कामाचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

प्रवाळ पुन्हा टाकीत आले आणि पाणीपालटाचा अर्थच बदलला. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले जीवांनी भरलेले सच्छिद्र खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ टिकवून दाखवले होते. माशांच्या टाकीत पाणी केवळ मळत असते, प्रवाळांच्या टाकीत ते मळते आणि खर्चही होते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दगडी प्रवाळ ते आणि त्यासोबत पाण्यातील कार्बोनेट सतत शोषून आपला सांगाडा रचतात. त्यामुळे पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, पाहता पाहता खालावते. पाणी किती शुद्ध आहे यापेक्षा ते किती वेगाने बदलते आहे याला महत्त्व असू शकते, याचा लक्षणीय पुरावा वायकीकी येथे मिळाला: तेथील प्रवाळांना विहिरीचे खारे पाणी मिळत असे, त्यात पोषकद्रव्ये खुल्या प्रवाळभित्तीवरील पाण्यापेक्षा जास्त आणि सामू कमी होता, तरीही वाहत्या पाण्यात ते प्रवाळ उत्तम वाढत असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. संतुलित टाकीच्या जुन्या सिद्धांताला यापेक्षा जोरदार उत्तर क्वचितच मिळाले असेल.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या टाकीत असा प्रवाह निर्माण करण्याचे साधन वैद्यकातून आले. पेरिस्टाल्टिक पंपात लवचीक नळीवरून रूळ फिरतात आणि नळी पुढे पुढे दाबत आतील द्रव ढकलतात. द्रवाचा यंत्राच्या भागांना स्पर्श होत नाही आणि दर फेऱ्याला ठरावीक माप पुढे सरकते. १९३० च्या दशकात मायकेल डीबेकी या शल्यवैद्याने रक्तसंक्रमणासाठी अशा पंपाचा प्रसार केला आणि नंतर तो हृदय-फुफ्फुस यंत्राचा भाग बनला. मत्स्यालयात याच पंपाच्या दोन नळ्या एका आसावर बसवल्या की एक नळी जुने पाणी काढते आणि दुसरी तेवढेच नवे पाणी भरते. अशा सावकाश पाणीपालटात नवे पाणी लगेच जुन्यात मिसळते व त्यातला काही अंश पुन्हा बाहेर जातो, म्हणून ते वाया जाते असा आक्षेप घेतला जात असे. रसायनतज्ज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी २००५ मध्ये मांडलेल्या गणितानुसार रोज एक टक्का याप्रमाणे ३० दिवस पाणी बदलले, तर मूळ पाण्यातील सुमारे २६ टक्के भाग बदलतो. एकाच वेळी ३० टक्के बदलण्याच्या तुलनेत ही तूट किरकोळ आहे. शिवाय रोज लिटरला ०.१ मिलिग्रॅम नायट्रेट वाढणाऱ्या टाकीत महिन्याच्या घाऊक पाणीपालटाने त्याची पातळी सात ते दहा मिलिग्रॅमच्या दरम्यान वर-खाली होत राहते, तर रोजच्या पाणीपालटाने ती दहाच्या आसपास स्थिरावते. आकडा चढा असला, तरी हेलकावे नाहीत, आणि प्रवाळांना हेलकावेच अधिक बाधतात.

या व्यवस्थेतील मुख्य धोका तिच्या दुसऱ्या स्वयंचलित भागाशी होणाऱ्या गाठीतून येतो. टाकीतून बाष्पीभवनाने केवळ गोडे पाणी उडते व मीठ मागे राहते, म्हणून पातळी उतरताच फ्लोट स्विच गोड्या पाण्याचा पंप चालू करतो. आता दोन नळ्यांपैकी भरणारी नळी झिजून कमी पाणी देऊ लागली, तर पातळी उतरते, फ्लोट स्विच त्याला बाष्पीभवन समजतो आणि गोडे पाणी ओततो; कोणतीही गळती न होता, कोणताही इशारा न मिळता, टाकीची लवणता दिवसागणिक घसरत जाते. नळ्या वेळेवर बदलणे, दोन्ही प्रवाह मापनपात्रात मोजून पाहणे, पाणीपालट चालू असताना गोड्या पाण्याचा पंप बंद ठेवणे आणि लवणता स्वतंत्र साधनाने तपासणे हे यावरचे उपाय आहेत; त्यांतील शेवटचा यंत्रावर सोडू नये असेच अनुभवी पालक मानतात.

भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने येथील समुद्रातून ते काढून टाकीत ठेवता येत नाहीत, आणि मोठ्या प्रवाळ-मत्स्यालयांचा हा इतिहास मुख्यतः युरोप, अमेरिका व पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर घडला. जेथे ही मत्स्यालये आहेत, तेथेही पंपांनी ओतण्याचे कष्ट वाचवले, मिठाचे नव्हे: २,००० लिटरच्या टाकीत रोज एक टक्का पाणी बदलले, तर महिन्याला ६०० लिटर खारे पाणी लागते आणि लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने त्यासाठी किमान २१ किलो, म्हणजे वर्षाला अडीच क्विंटलहून अधिक मीठ आणावे, कालवावे व मोजावे लागते. हे काम अजून पूर्णपणे माणसाच्याच हातात आहे.