दिव्याचं बिल कोण भरतं?

मागच्या महिन्यात आम्ही ऑफिसातले चौघे वीकेंडला अलिबागला गेलो होतो. रात्री सुरमईचं जेवण हाणून थळच्या किनाऱ्यावर वाळूत बसलो होतो. समोर मिट्ट काळोख आणि त्यात ठराविक वेळाने चमकून जाणारा खांदेरीचा दिवा. खांदेरी म्हणजे तोच किल्ला, जो शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी दोघांच्याही नाकावर टिच्चून बांधायला घेतला. त्यावरचं दीपगृह मात्र इंग्रजांच्या काळातलं, १८६७ चं. मी हे सगळं ज्ञान पाजळत असताना आमच्यातला एक जण (हा हॉटेलात पैसे वाटून घेताना कायम कॅल्क्युलेटर काढतो) मध्येच म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, पण या दिव्याचं बिल कोण भरतं?"

"सरकार, दुसरं कोण?" आम्ही तिघं एकदमच बोललो आणि विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. घरी आल्यावर सहज शोधायला बसलो आणि पुढचे दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. कारण ज्या प्रश्नाचं उत्तर आम्ही एका शब्दात दिलं, त्याच्यावर अर्थशास्त्रातली मोठमोठी माणसं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लिहीत आली आहेत. त्यातल्या दोघांना तर नोबेल मिळालेलं आहे (ते दीपगृहासाठी नव्हे, पण तरी!).

आधी थोडी थिअरी, कंटाळू नका. दिव्याच्या उजेडाला दोन विचित्र गुण असतात. एक, मी तो पाहिला म्हणून तुमच्या वाट्याचा उजेड कमी होत नाही. वडापाव मी खाल्ला तर तुम्हाला मिळणार नाही, दिव्याचं तसं नाही. दुसरा, ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्यापुरता दिवा विझवता येत नाही. आता या दोन गोष्टी एकत्र आल्या की हुशार माणूस काय करतो? दुसऱ्याने पैसे भरायची वाट बघतो. अर्थशास्त्रात याला भारदस्त नावं आहेत, आपल्याकडे सरळ 'फुकट्या' म्हणतात. गंमत अशी, की फुकट्या हा वाईट माणूस असायची काहीच गरज नाही. त्याचं गणित त्याच्यापुरतं अगदी बरोबर असतं. सगळ्यांनी तेच बरोबर गणित केलं की दिवा लागत नाही आणि सगळ्यांचीच जहाजं खडकावर आपटतात.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ च्या आपल्या ग्रंथात दीपगृहाचंच उदाहरण दिलं. सरकारने सक्तीने वसुली करून भरपाई दिल्याशिवाय स्वतःच्या फायद्यासाठी दीपगृह कोणी बांधणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे सिजविकने तेच लिहिलं. आणि १९४८ साली पॉल सॅम्युएलसनचं गाजलेलं पाठ्यपुस्तक आलं, त्यातही दीपगृह आलंच. नंतरच्या आवृत्तीत तर त्याने आणखी एक पाचर मारली. समजा रडारच्या मदतीने प्रत्येक जहाजाकडून पैसे घेता आले, तरी ते घेऊ नयेत. एक जहाज जास्त गेलं म्हणून दिव्याचा खर्च वाढत नाही. मग चार पैसे वाचवायला एखाद्याने लांबची वाट धरावी किंवा निघूच नये, यात समाजाचं नुकसानच.

वाचायला सगळं अगदी पटतं. यात एकच अडचण होती. यांच्यापैकी कोणी जुनी दीपगृहं प्रत्यक्षात कशी चालायची, हे नीट जाऊन बघितलंच नव्हतं!

आता जरा मागे जाऊया. इंग्लंडमध्ये १५१४ साली आठव्या हेन्रीने ट्रिनिटी हाउस नावाच्या दर्यावर्दी लोकांच्या संघाला सनद दिली. पुढे १५६६ च्या कायद्याने समुद्रावरच्या खुणा उभारायचा अधिकारही त्यांना मिळाला. पण अधिकार मिळाला म्हणून काम होतंच असं नाही (नोकरी करणाऱ्यांना हे सांगायला नकोच). १६१० ते १६७५ या काळात ट्रिनिटी हाउसने एकही नवं दीपगृह बांधलं नाही. त्याच काळात खासगी लोकांनी निदान दहा बांधली.

कशी बांधली? पद्धत अशी होती. धोक्याची जागा हेरायची. त्या मार्गाने जाणाऱ्या जहाजमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सह्या गोळा करायच्या, की दिवा झाला तर आम्ही पैसे द्यायला तयार आहोत. मग तो अर्ज घेऊन राजाकडे जायचं आणि सनद मिळवायची. सनदेत लिहिलेलं असे, की या दिव्याचा फायदा झालेल्या जहाजाकडून टनामागे इतके पैसे घेता येतील. या सनदांना इतका भाव होता, की राजाचा मूड चांगला असेल तेव्हा दीपगृह मागून घ्यायचं, अशी आठवण एका लॉर्डसाहेबांनी आपल्या डायरीत लिहून ठेवली होती. लोक राजाकडे जहागिरी मागत, तसं दीपगृह!

यातला मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे हेन्री विन्स्टनली. चित्रकार, जादूचे प्रयोग वाटावेत अशी यंत्रं बनवणारा, लंडनमध्ये तिकीट लावून पाण्याचे खेळ दाखवणारा. थोडक्यात काय, तर अवलिया. त्याने जहाजांमध्ये पैसे गुंतवले होते, आणि त्याची दोन जहाजं प्लिमथजवळच्या एडिस्टोनच्या खडकांवर फुटली. एडिस्टोन म्हणजे किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात, भरतीला जवळपास पाण्याखाली जाणारा खडक. लोक म्हणाले, तिथे काही बांधणं अशक्य आहे. हा म्हणाला, मी बांधतो.

१६९६ मध्ये काम सुरू झालं. तेव्हा इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू होतं. १६९७ मध्ये एका फ्रेंच लुटारू जहाजाने विन्स्टनलीला खडकावरूनच उचलून नेलं. चौदाव्या लुईला हे कळल्यावर त्याने त्याला सोडून द्यायचा हुकूम दिला, कारण एडिस्टोनचा दिवा फ्रेंच जहाजांच्याही उपयोगाचा होता. पहा, शत्रूच्या राजालासुद्धा कळलं की हा दिवा सगळ्यांचा आहे. (अर्थात राजेसाहेबांनी वर्गणी दिल्याचं काही माझ्या वाचनात आलं नाही.)

१४ नोव्हेंबर १६९८ ला दिवा लागला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १७०३ च्या अखेरीला इंग्लंडच्या इतिहासातलं एक सगळ्यात भयंकर वादळ आलं. विन्स्टनली त्या रात्री दुरुस्तीसाठी दीपगृहातच होता. सकाळी खडकावर ना दीपगृह उरलं होतं, ना माणूस. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारं 'विंचेल्सी' हे जहाज त्याच खडकावर फुटलं. दिव्याची किंमत किती, याचा याहून स्पष्ट हिशोब कोणी मांडू शकणार नाही.

दिवा पुन्हा उभा राहिला. १७०९ मध्ये रडयर्डने मुख्यतः लाकडाचा बांधला, तो १७५५ साली जळला. मग १७५९ मध्ये जॉन स्मीटनने दगडांना एकमेकांत खाचा घालून अडकवत असा काही मनोरा बांधला, की त्याचा वरचा भाग आजही प्लिमथच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवलेला बघायला मिळतो. स्वतःला 'सिव्हिल इंजिनिअर' म्हणवून घेणारा पहिला माणूस हाच. आमच्या सिव्हिलच्या मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच. पैसे वसूल कसे करायचे? भर समुद्रातला दिव्यावरचा माणूस काही जाणाऱ्या जहाजामागे पावतीपुस्तक घेऊन पोहत जाणार नाही.

उत्तर इतकं साधं आहे, की वाचल्यावर मला हसूच आलं. पैसे दिव्यापाशी घ्यायचेच नाहीत, बंदरात घ्यायचे! जहाज समुद्रात कितीही मोकळं फिरो, माल उतरवायला त्याला कधीतरी बंदराला लागावंच लागतं. तिथे दीपगृहवाल्याचा एजंट बसलेला असे, बरेचदा कस्टमचा माणूसच हे काम करी. जहाज कुठून आलं हे विचारायचं, वाटेत कोणकोणते दिवे लागले असतील ते बघायचं आणि टनामागे ठरलेले पैसे घ्यायचे. कुठल्या प्रवासात कुठले दिवे येतात, याची छापील पुस्तकंसुद्धा होती. १८२० सालच्या ४६ दीपगृहांपैकी २४ ट्रिनिटी हाउस चालवत होतं आणि २२ खासगी होती.

हे सगळं उकरून काढलं रोनाल्ड कोसने, १९७४ मधल्या एका निबंधात. त्याचा सूर साधारण असा, की मिलपासून सॅम्युएलसनपर्यंत सगळ्यांनी दीपगृहाचं उदाहरण हवेत दिलं, इतिहासात उघड्यावर पडलेला पुरावा कोणी पाहिलाच नाही. सॅम्युएलसनच्या 'पैसे घेऊच नयेत' यालाही त्याच्याकडे उत्तर होतं. दिव्याचे पैसे सगळ्या खर्चात इतके थोडे, की त्यापायी कोणी जहाज थांबवत नाही. उलट जहाजमालक स्वतः पैसे देतात म्हणून खर्चावर डोळा ठेवतात. तिजोरीतून पैसे जायला लागले की हिशोब विचारणार कोण?

इथवर वाचून मला वाटलं, चला, झाला निकाल. सरकारची गरज नाही, खासगी झिंदाबाद. बरेच लोक कोसचा निबंध इथेच मिटून ठेवतात आणि वाद घालायला निघतात. पण थांबा, वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या स्केरीज बेटांची गोष्ट ऐका.

विल्यम ट्रेंच नावाच्या माणसाने १७१४ मध्ये सनद मिळवून तिथे कोळशाच्या शेगडीचा दिवा उभारला. खर्च भरपूर, वसुली पुरेशी नाही. बिचारा कर्ज अंगावर ठेवून मेला. १७३० मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्याच्या वारसांना दर वाढवून दिले, आणि हक्क दिला तो कायमचा. पुढे काय झालं? लिव्हरपूल वाढलं. जगभरातली जहाजं त्याच वाटेने यायला लागली. बेट तेच, दिवा एकच, चालवायचा खर्च थोडाच जास्त, पण पैसे टनामागे! १८३४ मध्ये पार्लमेंटच्या समितीने या महागड्या दरांबद्दल ओरड केली आणि १८३६ च्या कायद्याने सगळी खासगी दीपगृहं विकत घेऊन ट्रिनिटी हाउसला द्यायचं ठरलं. स्केरीजसाठी १८४१ मध्ये मोजावे लागले ४,४४,९८४ पौंड. ज्या दिव्यापायी पहिला मालक कर्जबाजारी झाला, त्याची ही किंमत!

म्हणजे यात मार्केट कुठे होतं आणि सरकार कुठे होतं? नंतरच्या अभ्यासकांनी कोसला हेच विचारलं. सनद राजाची, दर कायद्याने ठरलेला, वसुलीला कस्टमचा माणूस. असल्या धंद्याला निव्वळ खासगी कसं म्हणायचं? बरं, त्याला सरकारी म्हणावं, तर जीव धोक्यात घालून खडकावर जाणारा विन्स्टनली काही सरकारी नोकर नव्हता. माझ्या इंजिनिअरी डोक्याला यातून एवढंच कळलं, की 'सरकार की खासगी' हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. खरे प्रश्न तीन. बंदर कुठे आहे? तिथे पैसे मागायचा हक्क कोणाला दिलाय? आणि तो हक्क किती काळ, कुठल्या दराने? ट्रेंचला पुरेशी वसुली जमली नाही म्हणून तो बुडाला. त्याच्या वारसांना हक्क कायमचा मिळाला म्हणून बाकीचे बुडाले.

आणि आमच्या कॅल्क्युलेटरवाल्या मित्राचं उत्तर? खांदेरीचा दिवा सरकार चालवतं हे बरोबर, पण भारतातही व्यापारी जहाजांकडून यासाठी वेगळे पैसे घेतले जातात. आधी १९२७ च्या दीपगृह कायद्याखाली घेत, आता २०२१ च्या नव्या कायद्याखाली. आणि घेतात कुठे? बंदरातच. थळच्या कोळ्याच्या लहान होडीकडून कोणी मागत नाही. आम्ही तर काय, सुरमई खाऊन फुकटच बघत होतो.

हे एकदा डोक्यात बसलं, की सगळीकडे बंदरं दिसायला लागतात. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटवाल्याने कित्येक महिने मेंटेनन्स थकवला होता. लिफ्ट मात्र रोज वापरायचा. नोटीस बोर्डावर नाव लावून झालं, सभेत भांडून झालं, ढिम्म हलला नाही. मग त्याला फ्लॅट विकायचा होता, आणि घेणाऱ्याने सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मागितलं. आठवड्यात चेक आला, व्याजासकट! जहाज बंदराला लागलं होतं.

पण मला खरी टोचणी आहे ती माझ्याच धंद्याची. आम्ही दिवसभर जो कोड लिहितो, तो ज्याच्यावर उभा आहे ते बरंचसं सॉफ्टवेअर कोणीतरी फुकट लिहून ठेवलेलं आहे. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं, ते 'ओपनएसएसएल'मध्ये. इंटरनेटवरच्या प्रचंड मोठ्या भागाचं कुलूप म्हणजे हे सॉफ्टवेअर. तेव्हा कळलं की त्याला देणग्या मिळत होत्या वर्षाला दोनेक हजार डॉलर. खडकावर आपटल्यावरच मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. विंचेल्सी फुटल्यावर दिव्याची आठवण व्हावी, तसंच. आणि २०२४ मध्ये 'एक्सझेड'च्या वेळी पुन्हा तीच गोष्ट. एकटा दमलेला माणूस फुकट दिवा सांभाळतोय, आणि मदतीच्या नावाखाली दुसराच कोणीतरी आत शिरलेला.

आम्ही वापरतो त्या एका लायब्ररीला कंपनीकडून थोडे पैसे द्यावेत, असं मी एका मॅनेजरला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "फुकट आहे ना? मग?" मला राग आला, पण खरं सांगू, त्याचं गणित त्याच्यापुरतं बरोबरच होतं. मीसुद्धा माझ्या खिशातून आजवर कितीसे दिलेत?

या समुद्राला बंदर कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं आणि तिथे कोणी वसुलीला बसला, तरी त्याची स्केरीज होऊ द्यायची नाही, हेही बघावं लागेल. तोवर निदान वर्गणी तरी देऊ म्हणून काल त्या लायब्ररीच्या पानावर जाऊन थोडे पैसे भरले. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण पावती आली, आणि पावतीखाली त्या माणसाने स्वतः लिहिलेली एक ओळ होती, की या महिन्यात पैसे पाठवणारे तुम्ही दुसरे.