सोन्याच्या खाणीवरचें गांव

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या पुस्तिकेंत दूरच्या एका खाणगांवाची हकीकत कशासाठीं, असें वाचक बंधुभगिनी विचारतील. उत्तर इतकेंच, कीं ज्या कंपनीनें गांव वसविलें ती निघून गेल्यावर मागें काय उरतें, हें कोलार गोल्ड फील्ड्स येथें स्पष्ट दिसतें, आणि तेथें आपले हजारों धर्मबंधु राबले आहेत.

हें ठिकाण बंगळूरच्या पूर्वेस सुमारें साठ मैलांवर, जुन्या म्हैसूर राज्याच्या कडेला, उजाड माळावर आहे. त्या मातींत सोनें आहे हें आसपासच्या खेडुतांस पूर्वापार ठाऊक होतें. लेफ्टनंट जॉन वॉरन यानें १८०२ सालीं तें पाहून लिहून ठेविलें. तो लेख वाचलेल्या लॅव्हेल नांवाच्या आयरिश शिपायानें १८७५ सालीं खोदण्याचा परवाना मिळविला. परंतु भांडवल अपुरें पडलें. १८८० सालीं लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या पेढीनें काम हातीं घेतलें आणि थोड्याच वर्षांत चँपियन रीफची समृद्ध शीर सांपडली. मग काय विचारतां! माळावर बंगले उठले, क्लब आला, रेल्वे आली. १९०२ सालीं कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावरून नव्वद मैल तारा ओढून खाणींस वीज दिली; बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनीं.

हा उजेड मात्र सर्वांच्या वाट्यास सारखा आला नाहीं. कॉर्नवॉलचे साहेब बंगल्यांत राहत. खालीं उतरणारे बहुतेक मजूर उत्तर अर्काट, सालेम या भागांतले तामिळ लोक. त्यांतले पुष्कळसे गांवकुसाबाहेरचे. त्यांच्यासाठीं बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्यांच्या ओळी. खाणींतून वर येतांना त्यांची झडती होई, कीं कोणी कणभर सोनें लपविलें तर नाहीं! खालीं दगडच फुटून अंगावर येत. धुळीनें फुप्फुसें दगडासारखीं होत. खाण तीन किलोमीटरांहून खोल गेल्यावर तेथली उष्णता अशी, कीं यंत्रांनीं गार केलेली हवा खालीं सोडावी लागे. घर, पाणी, दवाखाना सर्व कंपनीचें. मजुराचें स्वतःचें असें फारच थोडें. १९३० सालीं सर्वांच्या अंगठ्यांचे ठसे घेण्याचें ठरलें, तेव्हां मजुरांनीं काम बंद पाडलें. आमच्या मतें तो संप पैशाचा नव्हता, अब्रूचा होता. १९४६ च्या नोव्हेंबरांत पोलिसांच्या गोळ्यांनीं सहा कामगार पडले.

त्या थोड्यांत देऊळ होतें. चँपियन रीफ्स येथील विजयमातेचें मंदिर खाणकामगारांचें. तो मुलूख तेव्हां म्हैसूर धर्मप्रांतांत मोडे आणि तेथें पॅरिस मिशनचे फ्रेंच फादर काम करीत. १९४० सालीं बंगळूर धर्मप्रांत वेगळा झाला. पहाटे पाळीवर जाणाऱ्यास संध्याकाळीं आपण वर येऊं कीं नाहीं, याची खात्री नसे. अशा माणसाच्या प्रार्थनेची खोली आम्हां सपाटीवर राहणाऱ्यांस कशी कळावी?

ऱ्हास एकाएकीं आला नाहीं. आरंभीं टनभर दगडांत चाळीस ग्रॅमहून अधिक सोनें मिळे, अखेरीस तीनचार ग्रॅम. खोली वाढली तसा खर्च वाढला. १९५६ सालीं म्हैसूर सरकारनें खाणी घेतल्या, १९६२ सालीं त्या केंद्राकडे गेल्या, १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीनें त्या चालविल्या. सुमारें आठशें टन सोनें निघाल्यावर २८ फेब्रुवारी २००१ रोजीं काम थांबलें. पंप थांबले, खाणी पाण्यानें भरूं लागल्या. ज्या खोलींत तीन पिढ्या जन्मल्या ती खोली आपली कीं कंपनीची, याचा निकाल वर्षानुवर्षें लोंबकळत राहिला. सायनाइडनें धुतलेल्या मातीचे डोंगर मागें उरले. वारा सुटला कीं त्यांची धूळ घरांत येते.

गांव मात्र ओस पडलें नाहीं. खाणकामगारांचीं मुलें व नातवंडें पहाटेच्या आगगाडीनें बंगळूरला कामास जातात, रात्रीं परततात. कष्टाचाच संसार तो. पाळीचा भोंगा बंद झाला. विजयमातेच्या देवळाची घंटा अजून वाजते, आणि रविवारीं तामिळ मिस्सेला माणसें जमतात.