आधी गंजी, मग घोडा

घोडा विकत घेणं अवघड नाही, दुष्काळात तो दावणीला ठेवणं अवघड, असं आमचे आजोबा म्हणत. बदनापूरच्या स्टेशनवर त्यांचा टांगा होता. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर तेव्हा मीटरगेजची गाडी धावायची. औरंगाबादहून जालन्याकडे जाताना ती बदनापूरला थांबायची. उतरलेली माणसं, त्यांच्या वळकट्या, बाजाराच्या पिशव्या, लेकरांसकट माहेरी आलेल्या बाया, हे सगळं टांग्यात भरून आसपासच्या खेड्यांत पोचवायचं, हाच धंदा. घोडी केवढ्याला घेतली होती, हे आमच्या घरात कुणालाच आठवत नव्हतं. कोणत्या साली कडबा काय शेकड्यानं मिळाला, ते मात्र आजी बोटांवर सांगायची.

घरचा नियम एकच होता. वर्षाची बेगमी होईल एवढी गंजी परसात उभी राहिल्याशिवाय दुसऱ्या घोड्याचं नाव काढायचं नाही. माळेगावच्या यात्रेला आजोबा जायचे, खंडोबाला भंडारा वाहायचे, घोडबाजारात जनावरांचे दात बघत दिवस काढायचे आणि हात हलवत परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आधी गंजी, मंग घोडा."

१९७२ साली ही गंजीही पुरली नाही. पाऊस आधीच दोन वर्षं हात राखून पडत होता, त्या साली त्यानं पाठच फिरवली. मराठवाड्यात माणसं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला निघाली. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. पोटात परदेशातून आलेला लाल मिलो, लेकरांच्या हातात सुकडी. ज्याच्या घरात दाणा नाही तो टांग्याला पैसे कुठून देणार? गाडीतून उतरलेला माणूस डोक्यावर बोचकं घेऊन पायीच वाटेला लागायचा. टांगा लिंबाखाली उभा राहिला, आणि घोडी मात्र रोज खायला मागत राहिली.

बैलाची गोष्ट वेगळी, असं आजोबा समजावून सांगत. बैल रवंथ करतो, वाळल्या काडीतूनही जीव धरून राहतो. घोड्याला रवंथ नाही. त्याचं पोट लहान, म्हणून थोडं थोडं पण सारखं खायला लागतं. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. बुरशी धरलेला चारा एकदा पोटात गेला की शूळ उठतो, घोडा लोळायला लागतो आणि रातोरात हातचा जातो. टंचाईत माणूस चाऱ्याची पारख सोडतो आणि घोडा नेमका तिथंच दगावतो. गुरांच्या छावणीच्या दारात बैलांची रांग लागली होती. तिथं घोडीला कोण विचारतो, असं म्हणून आजोबा तिकडे फिरकलेच नाहीत.

आजी खडीवर जाऊ लागली. तिच्या मजुरीतून आधी घरचं, मग उरलंच तर घोडीसाठी कोंडा. शेजारीपाजारी बोलायचे. लेकरं मिलो खातात आणि ह्यांचं ध्यान घोडीकडं, असं तोंडावर ऐकवायचे. आजी त्यांना एवढंच म्हणायची, "घोडी गेली तर पाऊस पडल्यावर काय खायचं?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर तिच्याकडेही नव्हतं. लेकरांच्या ताटातला घास आणि घोडीच्या तोबऱ्यातली मूठ, यांचा हिशेब त्या घरात रोज नव्यानं मांडला जायचा. काही दिवस घोडी जिंकायची, काही दिवस लेकरं.

वडील तेव्हा शाळकरी होते. त्यांचं काम हरळी खणायचं. दुधनेच्या कोरड्या पात्रात, काठाच्या सावलीला, वरून वाळलेल्या हरळीच्या मुळ्या खाली ओल्या राहतात. खुरप्यानं त्या मुळ्यांसकट उकरायच्या, दगडावर आपटून माती झाडायची, आणि मग जे काही पाणी असेल त्यात दोनदा खंगाळायच्या. हे खंगाळणं चुकलं तर सगळं फुकट. गवताबरोबर वाळू पोटात साचते आणि तीच शूळ उठवते. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून आजोबांनी घागरीतलं पाणी मापून द्यायला सुरुवात केली. पहिलं खंगाळलेलं पाणी निवळवून दुसऱ्या धुण्याला, ते पुन्हा निवळवून घोडीला पाजायला. सकाळभर खणून एक पाटी भरायची. घोडी ती घटकाभरात संपवायची आणि मान वळवून पुन्हा बघायची.

ही विद्या आजोबांना जालन्याच्या एका म्हाताऱ्यानं शिकवली होती. त्याचा बाप तिथल्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांसाठी गवत काढायचा. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचं जालना हे मोठं ठाणं होतं. तिथले स्वार शिलेदारी पद्धतीचे. घोडा स्वाराचा, चारा-चंदी त्याच्याच पगारातून. धान्य महागलं की चटका आधी स्वाराला बसायचा. घोडा मेला तर तो पायउतारच. म्हणून या पलटणींत दरमहा प्रत्येकाकडून थोडी थोडी रक्कम कापून चंदा जमवत आणि मेलेल्या घोड्याच्या जागी त्यातून नवा उभा करत. आपल्याकडची भिशीच म्हणा. शांततेच्या काळात ती उत्तम चालली. पहिल्या महायुद्धात घोडे एवढ्या संख्येनं पडले, की ना चंदा पुरला ना घोडे मिळाले. या कंटिंजंटच्या वारशातलं विसावं डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले रोखून धावलं, ते सगळ्यांना कौतुकाचं वाटतं. पण घोडा पोसायचा भार एकट्या स्वारावर टाकणारी ती पद्धत युद्धानं मोडीत काढली आणि १९२१च्या सुमारास सरकारनं ती बंद केली.

घोड्याचं पोट भरायचं नाकारलं तरी तो भार कुणाच्या तरी माथी बसतोच. बदनापूरनं हेही पाहिलेलं आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजा इथं एकत्र आल्या. दोन वाटांनी भोकरदनकडे सरकायचं ठरलं आणि २३ तारखेला वेलस्लीनं स्टीव्हन्सनची वाट न बघता असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. लढाईची वर्णनं पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. पण भादवा-आश्विनात बाजरी कणसात असताना हजारो घोडे आणि रसदीचे बैल एखाद्या शिवारात उतरले की त्या शिवाराचं काय होतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही. पाऊसही दगा देऊन गेला होता. पुढच्याच वर्षी, १८०४ साली, दख्खनभर मोठा दुष्काळ पडला.

हा धोका आधी ओळखणारा राजा आपल्याकडे होऊन गेला होता. १६७०च्या दशकातल्या एका उन्हाळ्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढाच त्याचा आशय आपण शाळेत शिकतो. मूळ पत्र घोड्यांच्या दाण्या-वैरणीबद्दलचं आहे. पागेसाठी जमवलेला साठा आत्ताच मनमानीनं उधळलात तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, तेव्हा त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. इतकंच काय, गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळत ठेवू नका, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल, इथपर्यंत बारकावे त्यात आहेत. राज्य घोड्यांवर उभं आणि घोडे गवतावर, हे त्यांनी इतकं नेमकं ओळखलं होतं.

आमच्या गावातले टांगे रिक्षांनी संपवले. घोडे उरले ते वरातीचे. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. अक्षय्य तृतीया कोरडी गेली, लग्नसराई बुडाली. तिकडे माथेरानात पर्यटक नाहीत म्हणून चारशेहून अधिक घोड्यांच्या चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. इकडे आमच्या गल्लीतला एक घोडेवाला वडिलांकडे आला. नाचरी घोडी, जरीची झूल, सगळं घरात, आणि कमाई शून्य. त्यातून घोडीला लाडानं पूर्ण चंदी चालू होती आणि बांधून ठेवल्यामुळे तिचे पुठ्ठे आखडायला लागले होते. वडिलांनी आजोबांचा नियम सांगितला. काम नाही त्या दिवशी हरभऱ्याचा भरडा निम्मा, गवत मात्र तेवढंच, आणि उजाडायच्या आत कोसभर चालवायचं. घोडी सुधारली. पण गवताचे पैसे व्याजानं आणावे लागले, त्यावर आमच्या घरात काही औषध नव्हतं.

२०१९च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून साडेतीन लाखांच्या आत उरली. सात वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा ती पंचेचाळीस टक्क्यांनी घटली होती. उरलेल्यांतले बरेच घोडे हातावर पोट असलेल्या माणसांच्या दावणीला आहेत, आणि दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. जालन्याच्या स्वारांनी जमवला तसा चंदा वरातीच्या घोडेवाल्यांनीही दरमहा जमवायला हवा. टंचाईचा आराखडा करताना बैला-म्हशींच्या रकान्याशेजारी घोड्याचाही रकाना हवा. आणि पुढच्या लग्नात घोडी ठरवाल तेव्हा भाड्यासाठी घासाघीस करण्याआधी मालकाला एवढं विचारा, तुमच्याकडे गंजी किती महिन्यांची आहे? कमी असेल तर आहेराच्या पाकिटाबरोबर कडब्याचा एक शेकडा पाठवून द्या.