कानाचा तास

आपल्याकडे अनेकांच्या घरी असलेली ऑक्सफर्डची ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ डिक्शनरी मुळात जपानमध्ये तयार झाली. तिची गोष्ट शोधताना मला हॅरॉल्ड पामर भेटला.

हा इंग्रज भाषाशिक्षक १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याचा सल्लागार म्हणून टोकियोला गेला. तिथल्या शाळांत तेव्हा ‘याकुदोकु’ चालायचं. इंग्रजी वाक्यातल्या एकेका शब्दाचा जपानी अर्थ लावायचा, मग शब्दांचा क्रम जपानी वळणाचा करायचा. जुने चिनी ग्रंथ वाचायची ही रीत इंग्रजीलाही लावलेली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आपल्या पणजोबांना ती फार परकी वाटली नसती.

पामरचं म्हणणं साधं होतं. मूल बोलायच्या आधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं. तशीच सवलत इंग्रजी शिकणाऱ्यालाही द्या. म्हणून त्याच्या पद्धतीत शिक्षक सांगणार, ‘उभा राहा’, ‘खिडकी उघड’, ‘पुस्तक टेबलावर ठेव’, आणि मुलांनी फक्त तसं करायचं. त्यानंतर हो-नाहीचे प्रश्न, मग छोटी उत्तरं, मग पूर्ण वाक्यं. १९२३ मध्ये त्याने टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था काढली. १९३६ मध्ये तो मायदेशी परतला, पण सहकारी हॉर्नबीने काम चालू ठेवलं. त्यातून झालेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला.

कोश जगभर गेला. पद्धत मात्र जपानमध्येच अडखळली, कारण वरच्या वर्गांत प्रवेशपरीक्षा आडवी यायची. तिथे भाषांतराला मार्क होते, ऐकण्याला नव्हते. जपानच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी आली ती २००६ मध्ये, पामर आल्यावर ८४ वर्षांनी.

माझ्या क्षेत्रात इंग्रजी डॉक्युमेंटेशन झरझर वाचणारी, पण कॉलवर माइक म्यूट ठेवून चॅटमध्ये उत्तर देणारी हुशार मुलं-मुली रोज दिसतात. ‘कॉन्फिडन्स नाही,’ म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटतं, त्यांच्या कानांना कधी तासच मिळालेला नसतो. मग ती स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातात, आणि तिथे पहिल्याच दिवशी त्यांना सगळ्यांसमोर उभं करून स्वतःबद्दल बोलायला सांगतात. पामरने आधी खिडकी उघडायला सांगितलं असतं.