सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन तास : आया, वॉर्डबॉय आणि नर्सिंग असिस्टंट यांच्यासाठी

रुग्णालयात रक्ताशी संबंध डॉक्टर आणि नर्सचाच येतो असा समज आहे. पण रक्ताने भिजलेल्या चादरी गोळा करणे, ड्रेसिंगचा कापूस उचलणे, कचऱ्याच्या पिशव्या बांधणे ही कामे आया, मावशी, वॉर्डबॉय आणि नर्सिंग असिस्टंटच्या वाट्याला येतात. आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे या कामावर आहेत, अनेकजण कंत्राटावर. आम्ही त्यांच्याशी बोलतो तेव्हा भीती एकाच नावाची निघते : एचआयव्ही. हेपॅटायटीस बी कुणाच्या बोलण्यात नसतो.

आकडे मात्र उलटे आहेत. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हेपॅटायटीस सीची साधारण २ टक्क्यांच्या आत. हेपॅटायटीस बीची, लस घेतलेली नसेल तर, ६ ते ३० टक्के. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. आणि या तिघांपैकी लस आहे ती फक्त याच आजारावर! पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणीत प्रतिपिंडांची पातळी १० किंवा अधिक आली की संरक्षण मिळाले असे समजतात.

हे आजार एकत्र जेवल्याने किंवा हात धरल्याने होत नाहीत. काही ठिकाणी रुग्णाच्या फाईलवर खूण करून त्याला बाजूला ठेवतात. याचा काडीचाही उपयोग नाही, कारण लागण होऊनही सुरुवातीच्या काळात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. माणसाला शिवायचे नाही ही रीत कोणकोणत्या रूपाने परत येते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. प्रत्येकाचे रक्त बाधित आहे असे धरून सर्वांशी सारखीच काळजी घेणे, हाच खरा नियम.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच जावी आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा. मावशीला टोचते ती बहुतेकदा दुसऱ्याने चादरीत किंवा पिवळ्या पिशवीत टाकलेली सुई. म्हणून पिशवी हाताने दाबू नये, अंगाला लावून उचलू नये. कचऱ्यासाठी जाड रबरी हातमोजे मागून घ्यावेत. तपासणीचे पातळ मोजे सुई अडवत नाहीत.

तरीही टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नये. डोळ्यात रक्त उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. लगेच प्रभारी नर्सला किंवा डॉक्टरला सांगून नोंद करून घ्यावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर ती दिली जात नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि सरकारी व्यवस्थेत तो मोफत मिळतो. हेपॅटायटीस बीची लस झालेली नसेल तर लस आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन २४ तासांच्या आत घेणे उत्तम. त्याच दिवशी स्वतःचे रक्तही तपासून घ्यावे. लागण आधीची नव्हती, हे नंतर त्यावरूनच सिद्ध करता येते.

"शिफ्ट संपल्यावर बघू" म्हणून गोष्ट टळते ती नोकरीच्या भीतीने. पण यातले काहीही मेहेरबानी म्हणून मिळत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हेपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस, प्रशिक्षण, सुरक्षा साधने आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ प्रमाणे कामावर असताना धोका असलेल्यांना प्रतिबंधक औषधे पुरवणे हीही संस्थेची जबाबदारी आहे. "तुम्ही कंत्राटदाराची माणसे" हे उत्तर ऐकून परत येऊ नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

कंत्राटदार बदलला की कागद गहाळ होतात. लसीचे कार्ड आणि अपघाताच्या नोंदीची प्रत घरीच ठेवावी.