शिंदीच्या खाचा

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी स्कॉटलंडहून गावी आला. लाडू-चिवड्याचे ताट पुढे सरकवून मी त्याची विचारपूस करीत होतो, तोच त्याने पिशवीतून एक काळसर बाटली काढून हळूच माझ्यापुढे ठेवली. चीडच्या कोवळ्या शेंड्यांपासून केलेली ती तिकडची बिअर होती. आमची मंडळी आतून पाहत होती. मास्तरने शिष्याच्या हातून असली बाटली घ्यावी की नाही, हे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. परंतु इतिहासाचे नाव पुढे केले की पुष्कळ गोष्टी खपून जातात, एवढे मी मास्तरकीत शिकलो आहे. मी दोन घोट घेतले.

आधी गोड लागली, काकवीसारखी. मग जिभेच्या मुळाशी राळेचा आणि धुपाचा वास दरवळला आणि पाठोपाठ घशात ऊब उतरली, कारण ती नेहमीच्या बिअरपेक्षा कडक होती. देवघरात कोणी काकवी सांडावी, असे काहीसे वाटले.

थंड मुलुखातले लोक झाडापासून असे पेय फार दिवसांपासून करीत आले आहेत. १५३५-३६ च्या हिवाळ्यात कार्तिये या फ्रेंच दर्यावर्दीचे खलाशी कॅनडात स्कर्व्हीने मरू लागले, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना एका सदाहरित झाडाच्या साली-पानांचा काढा दाखवला. १७७३ मध्ये कॅप्टन कुकने न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर रिमू झाडाच्या फांद्या उकळून, त्यात काकवी घालून आपल्या खलाशांसाठी बिअर गाळली. हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. पोराने मध्येच विचारले, "गुरुजी, आपल्याकडं असं झाडाचं काही नव्हतं का?"

नव्हते कसे! आमच्या धाराशिव जिल्ह्यात ओढ्याकाठी शिंदीची बने होती. शिंदी म्हणजे रानटी खजूर. थंडी पडली की शेंड्याजवळची झावळी उतरवून तिथे खाच घेतात, खाली गाडगे बांधतात आणि रात्रभर थेंब थेंब रस त्यात जमतो. पहाटे उतरवलेला रस म्हणजे नीरा. ती ताजी, थंड आणि नितळ गोड. लहान मुलांनी प्यावी अशी. ऊन चढले की तोच रस फसफसतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. हवेतले आणि गाडग्यातले किण्व ते काम करते, माणसाला काही करावे लागत नाही. गाडग्याला आतून चुना फासला तर रस आंबायला वेळ लागतो. झाडाला आणि त्या दारूला आपण एकच नाव दिले, ही आपल्या भाषेची गंमत म्हणावी की तक्रार, हे मला ठरवता आलेले नाही.

आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नावच मुळी मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामावरून पडलेले. ते २०२३ मध्ये जाऊन धाराशिव झाले. त्या राज्यात आबकारीचे उत्पन्न फार मोठे. शिंदीच्या झाडावर कर, विक्रीच्या दुकानाचा लिलाव. लिलाव घेणारा तो गुत्तेदार. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, रस्ता बांधणाऱ्यालाही! झाडावर चढणाऱ्याला मजुरी मिळे आणि पैसा गुत्तेदारामार्फत हैदराबादेस जाई.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात सामील होईना. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी होते. आमच्या जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते पूर्वी शिक्षक होते, याचा मला मास्तर म्हणून अंमळ जास्तच अभिमान आहे. ७ ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळून लढा सुरू झाला. मग जंगल सत्याग्रह झाले, सरकारी लेव्हीचे धान्य द्यायला लोकांनी नकार दिला आणि गावोगाव शिंदीची झाडे तोडायला सुरुवात झाली. हिशेब सोपा होता. ज्या झाडातून निजामाच्या खजिन्यात पैसा पडतो ते झाडच आडवे करायचे. वर्ध्याला १९३४ मध्ये निघालेला ग्रामोद्योग संघ याच जातीच्या झाडांपासून गूळ करायला शिकवीत होता, म्हणजे झाड राखून दारू घालवायची वाटही लोकांना माहीत होती. परंतु रझाकारांच्या धामधुमीत कढई चढवायला सवड कोणाला होती?

माझे आजोबा त्या टोळ्यांत होते. एका रात्री चाळीस झाडे पाडली, असे ते सांगत. चाळीस हा आकडा त्यांचा. मी मोजायला नव्हतो. पुढे काय घडले ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. ते मला गावातल्या शिंदी काढणाऱ्याच्या मुलाकडून कळले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत.

मी त्यांना एकदा विचारले होते, "तात्या, तुमच्या वडिलांनी अडवलं नाही?"

"अडवायचं कशाला?" ते म्हणाले. "कुऱ्हाडी कमी पडल्या, तवा बापानं आपली दिली. गुत्तेदाराचा राग त्येलाबी व्हता की. मग हिवाळ्याला हाताला काम न्हाई. सोलापूरकडं मजुरीला गेला, पायी."

त्या रात्री बांधावरचे एक लहान झाड राहिले. आजोबांनी राखले की अंधारात चुकले, यावर गावात अजून दोन मते आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ तारखेला भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गावरून आत आली, १७ तारखेला निजाम शरण आला आणि पुढे कधीतरी तात्यांचे वडील परतून त्याच झाडावर चढू लागले.

मी पोर असताना तात्यांच्या हातची नीरा त्याच झाडाखाली प्यायलो आहे. दर वर्षी खाच आलटून-पालटून दुसऱ्या बाजूला घेतात, म्हणून शिंदीचे खोड नागमोडी दिसते. अनुभवी माणूस खाचा मोजून हंगाम सांगतो. त्या झाडाला दोन पुरुष उंचीवर हातभर भाग सरळ होता. तिथे खाच नव्हती. तात्या बोट दाखवून म्हणत, "ह्यो बाप सोलापूरला व्हता तवाचा." आजोबा नीरा प्यायला येत, पण पैसे आधी मोजून देत आणि गाडगे मग उचलत. इतरांशी ते असे वागत नसत. वर पाहिलेले मी त्यांना कधी आठवत नाही.

विद्यार्थ्याला हे सांगता सांगता संध्याकाळ झाली. बाटलीत निम्मी बिअर उरली होती. ती घेऊन आम्ही दोघे तात्यांकडे गेलो. त्यांनी फुलपात्रात थोडी ओतून घेतली, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कशी आहे?" पोराने अधीर होऊन विचारले.

"झाड चांगलं हाय," तात्या म्हणाले, "पर गाडग्याला चुना लावाया इसरलेत."